चाळिशी

‘विशीं विद्या, तिशीं धन’ अशी मराठींत एक जुनी म्हण आहे. विसाव्या वर्षापर्यंत शिकून घ्यावें, तिसाव्यापर्यंत मिळवावें. तोंवर जें साधलें नाहीं तें पुढें साधणें कठीण, असा तिचा रोख. यानंतर म्हणींत वय भेटतें तें एकदम साठीचें, आणि तेंहि बुद्धि नाठी झाल्याच्या निमित्तानें. तिशी आणि साठी यांच्या दरम्यान जीं तीस वर्षें येतात, त्यांविषयीं म्हण मुकी आहे. भाषा मात्र मुकी नाहीं. तिनें त्या तीस वर्षांच्या ऐन वाटेवर एक शब्द उभा करून ठेवला आहे. आणि मौज अशी कीं, तो शब्द एका वयाचाहि आहे व नाकावर बसणाऱ्या एका वस्तूचाहि आहे. ‘त्याला चाळिशी लागली’ म्हणजे त्याला जवळचें दिसेनासें झालें. ‘माझी चाळिशी कोठें गेली?’ हा प्रश्न तर महाराष्ट्रांतल्या किती घरांत किती वेळां विचारला गेला असेल याची गणतीच नाहीं, आणि पुष्कळदां ती विचारणाराच्या कपाळावरच सांपडत असे.

हा हिशेब एकट्या मराठीचाच नव्हे. कानडीनें चष्म्याला ‘चाळीसु’ म्हटलें. तेलुगूंत या दृष्टिदोषाला ‘चत्वारम्’ म्हणतात. त्यांतहि चाळिसाचीच छाया दिसते. तमिळांत आंकडा नाहीं, परंतु या विकाराचें तेथील नांव ‘पांढरें अक्षर’ अशा अर्थाचें आहे, आणि तें अधिक बोलकें आहे. शाई काळीच असते, ताडपत्राचीं अक्षरें जागच्या जागीं असतात. वाचणाराला तीं फिकट होऊन पुसल्यासारखीं दिसूं लागतात.

माणूस आयुष्याच्या मध्यावर आला हें त्याला कोण सांगतें? या प्रश्नाचीं उत्तरें काळाप्रमाणें बदलत गेलीं आहेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत गृहस्थानें वनाची वाट केव्हां धरावी तें सांगतांना वर्षांचा आंकडा दिलेला नाहीं. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केंस आणि मांडीवर मुलाचें मूल, या तीन खुणा दिल्या आहेत. जातककथांतल्या मखादेव राजानें तर हें काम आपल्या न्हाव्याकडेच सोंपविलें होतें. पहिला पांढरा केंस दिसतांच न्हाव्यानें तो सोन्याच्या चिमट्यानें उपटून राजाच्या हातावर ठेवला; राजानें मुलाला गादी दिली आणि न्हाव्याला एक गांव इनाम दिला. नकोशी वार्ता आणणाराला इनाम मिळाल्याचें असें उदाहरण राजदरबारांच्या इतिहासांत विरळाच आढळेल. आपल्याकडील शांतिकर्मेंहि सुरू होतात तीं पन्नाशीपासून : पन्नासाव्या वर्षीं वैष्णवी, साठाव्या वर्षीं उग्ररथ, सत्तराव्या वर्षीं भीमरथी. चाळिसाव्या वर्षाला ना होम, ना ब्राह्मणभोजन, ना आप्तेष्टांचा मेळा. त्या वयाची वर्दी एकटा डोळाच देई.

डोळ्याची ही वर्दी वाटते तितकी अचानक नसते. डोळ्यांत एक पारदर्शक भिंग असतें. जवळची वस्तु पाहतांना तें फुगतें आणि दूरची पाहतांना सपाट होतें. ही लवचिकता बाळपणापासूनच उणावत जाते. दहा वर्षांच्या मुलाला सुमारें तीन इंचांवरचें अक्षर स्वच्छ दिसतें. चाळिशीच्या सुमारास तें अंतर आठनऊ इंचांवर जातें आणि साठीला तीन फुटांच्या आसपास पोंचतें. म्हणजे डोळा म्हातारा होऊं लागतो तो शाळेंत असल्यापासून. परंतु मनुष्य पुस्तक फूटभर अंतरावर धरतो, म्हणून इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानांत कांहीं येत नाहीं. मागें सरणारें अंतर हातांतल्या कागदापाशीं येऊन ठेपलें म्हणजे गडबड उडते. मग कागद लांब धरला जातो, दिवा जवळ ओढला जातो, छापखानेवाल्याच्या टायपाला नांवें ठेवलीं जातात, आणि अखेरीस हातच अपुरे पडतात.

या दुखण्यावरचा उपाय इटलींत निघाला. इ. स. १३०६ मध्यें फ्लॉरेन्स येथें जोर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें प्रवचनांत सांगितलें कीं, चष्मे करण्याची कला सांपडून अद्याप वीस वर्षेंहि लोटलीं नाहींत. त्या पहिल्या कांचा बहिर्गोल होत्या, म्हणजे केवळ उतरत्या वयाच्या उपयोगाच्या. लांबचें न दिसणाऱ्या तरुणांच्या वांट्याला अंतर्गोल कांचा येण्यास पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. इतकी मोठी सोय झाली तरी ती सर्वांनीं आनंदानें स्वीकारली असें नाहीं. पेट्रार्क या थोर इटालियन कवीनें पुढील पिढ्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रांत आपल्या तीक्ष्ण दृष्टीचा अभिमानानें उल्लेख केला आहे, आणि साठीनंतर चष्मा घ्यावा लागल्याची तक्रारहि तेथेंच नोंदविली आहे. त्याच्या हयातींतच, १३५२ सालीं, ट्रेव्हिझो येथील मठाच्या भिंतीवर तोम्मासो दा मोदेना या चित्रकारानें ह्यू नांवाच्या एका विद्वान कार्डिनलच्या नाकावर चष्मा रंगविला. हा ह्यू १२६३ सालींच वारला होता. चष्मा त्याच्या स्वप्नांतहि आला नसेल. पण विद्वत्तेला शोभेल असें भूषण चित्रकाराला दुसरें सुचलें नाहीं. कवीला ज्याची शरम वाटली, तेंच चित्रकाराला मोठेपणाचें लक्षण वाटलें. चष्म्याविषयींच्या आणि त्याच्या मागच्या वयाविषयींच्या या दोन भावना तेव्हांपासून बरोबरच चालत आल्या आहेत.

हिंदुस्थानांत चष्म्याचा एक फार जुना उल्लेख विजयनगरच्या परिसरांतला आहे. माध्व संप्रदायाचे आचार्य व्यासतीर्थ यांचें सोमनाथ कवीनें लिहिलेलें संस्कृत चरित्र उपलब्ध आहे. त्यांत स्वामी डोळ्यांवर उपलोचन लावून पोथी वाचीत असल्याचें वर्णन येतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतले चिकाटीचे संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनीं त्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. हा काळ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें होतें आणि विजयनगरशीं त्यांचें दळणवळण होतें. तेव्हां ही वस्तु त्याच वाटेनें आली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. चष्मा हा शब्द फारशी, उपनेत्र हा संस्कृत. पण सामान्य मराठी माणसानें फारशीकडे किंवा संस्कृताकडे न पाहतां स्वतःच्या वयाकडे पाहिलें, आणि वस्तूचें नांव चाळिशी ठेवलें.

मोडी दप्तराचा कारकून चाळिशी लावून बोरू चालवी, आणि त्याचें काम भागत असे. पोथी वाचणाराचेंहि फारसें अडत नसे. पोथ्या मोठ्या अक्षरांच्या, चौरंगावर दूर ठेवून वाचावयाच्या, आणि अर्ध्याअधिक तोंडपाठ असलेल्या. खरी अडचण हातानें पोट भरणाराची होती. सोनाराचा मुलगा आठव्यादहाव्या वर्षीं बापाच्या बागेसरीपाशीं बसे. फुंकणीचा श्वास किती लांब असावा, डाक कोणत्या क्षणीं वितळतो, बारीक रवा कोठें बसला म्हणजे दागिना उठून दिसतो, हें अंगवळणीं पडण्यास वीसपंचवीस वर्षें जात. म्हणजे हात पुरा तयार होई तो पस्तीशीच्या सुमारास, आणि पांचसात वर्षांतच डोळा त्या हाताची साथ सोडूं लागे. ज्या कामासाठीं गिऱ्हाईक त्याचें नांव विचारीत येई, तेंच बारीक काम त्याला मुलाकडे सरकवावें लागे. पेढीवर बसून सोनें कसास लावावें, भाव ठरवावा, उधारी मागावी, हें त्याच्याकडे राही. बाहेरच्याला वाटे, म्हातारबोवांना बढती मिळाली. त्याच्या मनाला काय वाटत असेल तें त्यालाच ठाऊक. शिंप्याची गोष्ट याहून निराळी नव्हती. सुईंत दोरा ओवण्यासाठीं शेजारच्या पोराला हांक मारावी लागली, त्या दिवशीं त्यानें आपलें वय ओळखलें. भिंगाची कांच स्वस्त होऊन बाजारांत येईपर्यंत कारागिराची चाळिशी ही नुसती वयाची गोष्ट नव्हती, तो पोटाचा प्रश्न होता.

बायकांची चाळिशी याहूनहि अबोल. जुन्या घरांत मुलीचें लग्न आठदहा वर्षांची असतांना होई. तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षीं ती सासू, आणि चाळिशीला आजी. कित्येक घरांत आईचें शेवटचें बाळंतपण आणि लेकीचें पहिलें एकाच वर्षीं, एकाच खोलींत झालेलें असे. तरुणपण आणि म्हातारपण यांच्यामध्यें तिला सवडीचा असा काळ मिळतच नसे. तिला वाचतां येत नसल्यामुळें चाळिशी आणून देण्याचेंहि कोणाला सुचत नसे. परंतु तांदळांतले खडे, डाळींतले किडे, सुईचें नेढें, नातवाच्या पायांत रुतलेला कांटा, हीं कांहीं मोठ्या टायपांत छापलेलीं नव्हतीं. तीं तिनें बोटांनीं ओळखावयाचीं, किंवा नातीला जवळ बसवून पाहून घ्यावयाचीं. घरांतला चष्मा यजमानांच्या पोथीपाशीं असे.

मध्यम वयाची भावना उपजण्यास एक गोष्ट अवश्य लागते : शेवट अमुक ठिकाणीं आहे, असा अंदाज. ज्या रस्त्याचें दुसरें टोंक ठाऊक नाहीं, त्याचा मध्य कसा काढणार? हिंदुस्थानांत ही अडचण फार मोठी होती. शिरगणतीवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणें १९११ ते १९२१ या दशकांत जन्मलेल्या मुलाचें सरासरी आयुर्मान अवघें २० वर्षांच्या आसपास होतें. त्यांत १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा फार मोठा वांटा होता. १९४१ ते १९५१ या दशकांत तें सुमारें ३२ वर्षांवर आलें. आज तें ७० च्या आसपास आहे. विसाची सरासरी म्हणजे सर्व माणसें विशींतच मरत असा अर्थ अर्थातच नव्हे. तान्हीं मुलें फार दगावत, म्हणून आंकडा इतका खालीं येई. बाळपण ओलांडलेला मनुष्य पन्नाशी पाही, कित्येक सत्तरीहि पाहत. परंतु ज्यानें भावंडें, बायको, मुलें पोंचविलीं आहेत, त्याला चाळिसावें वर्ष अर्धें वाटत नसे. तें हातीं लागलें हेंच पुष्कळ वाटे. पुण्यांत असल्या माणसाविषयीं ‘अर्ध्या गोवऱ्या ओंकारेश्वरावर गेल्या’ असें म्हणत. मुठेच्या कांठीं ओंकारेश्वरापाशीं तेव्हां स्मशान होतें. ही म्हण थट्टेची खरी. पण थट्टेंत हिशेबहि आहे, आणि बोलणाराच्या स्वतःच्या गोवऱ्याहि त्यांत धरलेल्या आहेत.

या हिशेबाची धार कळावयास एकोणिसाव्या शतकांतली पुण्यांतली एक मंडळी पाहावी. १८८० च्या आरंभीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. सगळे ऐन विशीतिशींतले. यांपैकीं चिपळूणकर १८८२ च्या मार्चमध्यें वारले, तेव्हां त्यांना बत्तिसावें वर्ष चालू होतें. ज्यांचा संस्कृत कोश अजूनहि विद्यार्थ्यांच्या हातीं असतो, ते आपटे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतांनाच १८९२ सालीं गेले. वय सुमारें चौतीस. त्यांच्यामागून प्राचार्य झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजीं दम्यानें गेले. त्यांना एकोणचाळीस पुरीं होण्यासहि महिनाभर अवकाश होता. नामजोशी चाळिशी ओलांडून थोडे पुढें आले, पण १८९६ सालीं तेहि गेले. आणि त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं टिळकांना चाळीस वर्षें पूर्ण झालीं.

टिळक आणि आगरकर यांचा जन्म एकाच वर्षाचा, एकाच महिन्याचा. दोघांच्या जन्मांत नऊ दिवसांचें अंतर. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत दोघांनीं एकशें एक दिवस बरोबर काढले होते. पुढें मतभेद झाले, ते विकोपाला गेले, आणि ते मिटविण्यापुरतें आयुष्य एकाला मिळालें नाहीं. आगरकरांवरचा मृत्युलेख ‘केसरी’ला लिहावा लागला. भांडणें तरुणपणीं होतात. समजूत पटण्यास जें वय लागतें त्या वयापर्यंत त्या पिढींतले पुष्कळ लोक पोंचलेच नाहींत, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सार्वजनिक वादांचा कडवटपणा मोजतांना इतिहासकारांनीं फारशी हिशेबांत धरलेली दिसत नाहीं. टिळकांचें स्वतःचें पुढचें आयुष्य चाळिशीनंतरच घडलें. १८९७ चा खटला, नंतरचा तुरुंगवास, १९०८ ची सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, हें सर्व नंतरचें. ती शिक्षा २२ जुलै १९०८ रोजीं रात्रीं ऐकविली गेली. दुसऱ्याच दिवशीं त्यांना बावन्न वर्षें पुरीं झालीं. मंडालेच्या कोठडींत १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीनें वह्यांवर लिहून काढलें. तेव्हां त्यांचें वय चौपन्न होतें.

दरम्यान मध्यम वयाला एक टोंक मिळूं लागलें होतें, आणि तें मिळालें सरकारी कचेरींतून. वतनदारीच्या काळीं कुलकर्ण्याला निवृत्ति नव्हती. डोळे अधू झाले कीं मुलगा दप्तर लिही आणि बाप सही करी. वय झालें तरी वतन होतेंच. इंग्रजी अमदानींत पंचावन्नाव्या वर्षीं नोकरींतून उतरण्याचा नियम आला, पेन्शन आली, आणि चाळीस या आंकड्याला एक नवाच अर्थ आला : पंधरा वर्षें उरलीं. विम्यानेंहि हेंच शिकविलें. आरंभीं विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरतांना जादा हप्ता घेत. १८७० सालीं मुंबईंत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनें हिंदी आयुष्याला सर्वसाधारण दर लावला, आणि १८७४ सालीं ओरिएंटल कंपनी निघाली. मुलाचें कॉलेज, दोन मुलींचीं लग्नें, पुण्याला चार खोल्या, हें सगळें त्या पंधरा वर्षांत बसवावयाचें, ही आकडेमोड मध्यमवर्गाच्या चाळिशीला तेव्हांपासून जडली. केंद्र सरकारच्या नोकरींतली ही मर्यादा १९६२ सालीं ५८ आणि १९९८ सालीं ६० वर्षांवर गेली; आकडेमोड तीच राहिली. पूर्वींच्या माणसाला चाळिशींत मरणाची आठवण होई. त्याच्या नातवाला वेळापत्रकाची होऊं लागली. यांतलें अधिक जाचक कोणतें, हें सांगणें सोपें नाहीं.

ज्यांच्यासाठीं कचेरीनें कांहींच नियम केला नव्हता, त्यांची चाळिशी निराळ्या वाटेनें गेली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं वारले, तेव्हां रमाबाईंना एकोणचाळीस पूर्ण होण्यास नऊ दिवस उरले होते. लग्न होऊन त्या घरांत आल्या त्या अकरा-बारा वर्षांच्या. पतीनें शिकविलें आणि घरांतल्या बायकांनीं त्या शिकण्यावरून टोंचून खाल्लें. जुन्या मापानें त्यांचें आयुष्य आतां संपल्यासारखेंच होतें; कोपऱ्यांतलें आसन आणि जपमाळ एवढेंच पुढें होतें. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें, त्याचा भार त्यांनीं घेतला. तेव्हां त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षीं त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. सेवासदनांत शिकावयास आलेल्या बायकांत विधवा पुष्कळ होत्या. कित्येकींनीं पाटी प्रथम हातीं धरली ती मोठ्या वयांत.

आणि कोणाचें आयुष्य कोठें अर्धें झालें हें तें पुरें झाल्यावरच कळतें, याचा पुरावा एकाच कॉलेजांतल्या दोन मित्रांनीं ठेवला आहे. धोंडो केशव कर्वे आणि गोपाळ कृष्ण गोखले हे दोघेहि १८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. टिळकांनीं १८९० मध्यें राजीनामा दिल्यावर फर्ग्युसन कॉलेजांत गणिताची जागा रिकामी झाली, आणि गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ सालीं कर्वे तेथें आले. गोखले आठ वर्षांनीं धाकटे, आणि घाई त्यांनाच अधिक. भारत सेवक समाज त्यांनीं १२ जून १९०५ रोजीं काढला, तेव्हां त्यांना एकोणचाळीस पुरीं होऊन महिनाच लोटला होता. त्यानंतर त्यांना दहा वर्षेंहि मिळालीं नाहींत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. चाळिशीनंतरचीं तीं वर्षें कायदेकौन्सिल, विलायतेच्या वाऱ्या आणि मधुमेह यांत गेलीं.

कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं. आगरकर ज्या वयांत गेले, तेंच हें वय. हिंगण्याच्या माळावर झोंपडी उभी राहिल्यावर दिवसा कॉलेजांत गणित शिकवावें आणि सायंकाळीं चिखल तुडवीत आश्रमांत जावें, असा त्यांचा क्रम असे. विधवेशीं पुनर्विवाह केल्यामुळें मुरूड गांवानें त्यांना वाळींत टाकलें होतें. १९१४ सालीं ते छपन्नाव्या वर्षीं कॉलेजांतून निवृत्त झाले. नियमाप्रमाणें त्यांचें आयुष्य तेथें संपावयाचें. दोन वर्षांनीं, १९१६ सालीं, त्यांनीं महिला विद्यापीठ काढलें, आणि एकाहत्तराव्या वर्षीं त्यासाठीं पैसे गोळा करीत ते परदेशांत हिंडले. १८ एप्रिल १९५८ रोजीं त्यांच्या शंभरीनिमित्त भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढलें, तेव्हां कर्वे हयात होते. गोखल्यांना जाऊन त्या वेळीं त्रेचाळीस वर्षें झालीं होतीं.